भरतीच्या पाण्यात धुतलेली कालवं

कालवं गोड्या पाण्यात धुवायची नाहीत, हा बारकीच्या घरातला कायदा होता. गोड्या पाण्यात ती फुगतात, भिजल्या कापसासारखी होतात आणि चव सगळी मोरीत जाते. ओहोटीला खडकावर बसून लहान कोयतीने शिंपा फोडायच्या, आतला गर डब्यात गोळा करायचा, आणि गेलेलं पाणी परत फिरून घोट्याला लागलं की त्या नव्या पाण्यात डबा चांगला खळबळायचा. शिंपांच्या कपच्या निघून जातात, खारटपणा राहतो. ओहोटीचं पाणी शिळं, भरतीचं ताजं, समुद्राने धुऊन पाठवलेलं. बारकीला हे तिच्या सासूने शिकवलं आणि सासूला तिच्या सासूने. त्याच्या मागे कोण होती ते बारकीला ठाऊक नव्हतं, पण तीही कालवंच काढत असणार, कारण खाजणपाड्यातल्या बायकांना दुसरं काही कोणी करू दिलंय कधी?

खाजणपाडा डहाणूच्या खाडीला अगदी चिकटून आहे. उधाणाची भरती आली की शेवटच्या झोपड्यांच्या उंबऱ्याला पाणी लागतं आणि बायका तांदळाचे डबे खाटेवर ठेवतात. पुढे तिवरांची झाडी, तिच्यापलीकडे मांडीभर चिखल आणि चिखल संपला की कालवांचे खडक. पाड्याला विहीर एकच. पावसाळ्यात तिचं पाणी बरं असे. होळी झाली की ते असं मचूळ होई की डाळ शिजायची नाही आणि चुकून कोणाकडे दूध आलंच तर चहात नासायचं. नळ मात्र होता. सरकारी योजनेतला, चौथऱ्यावर उभा केलेला. उद्घाटनाच्या दिवशी नारळ फुटला, भाषणं झाली आणि त्या नारळातून जेवढं पाणी निघालं त्याहून थोडंसंच जास्त नळातून निघालं. पुढे त्या नळाचा शेळ्या बांधायला चांगला उपयोग झाला.

२०१४ साली बारकी पन्नाशीला आली होती. नाव बारकी, पण बाई हाडापेराने चांगली थोराड. तिचा नवरा शुक्रा तरुणपणी बोटीवर खलाशी होता. दम्याने त्याला किनाऱ्यावर आणून बसवला तेव्हापासून तो झाडाखाली जाळी शिवत असे. मुलगा उमेश तलासरीकडे एका कंपनीत कंत्राटी कामाला होता आणि रविवारी घरी यायचा. सून संगिता तिकडच्याच वेवजी गावची. तिच्या माहेरच्या बोअरचं पाणी कधी कोऱ्या चहासारखं दिसे, कधी नुसतंच वास मारे, म्हणून तिच्या बापाने हौसेने पोरगी खाडीवर दिली होती. तिकडे पाण्याला तोटा नाही, म्हणाला. पहिल्या उन्हाळ्यात संगिताने विहिरीच्या पाण्याचा घोट घेतला आणि सासूकडे अशी नजर टाकली की बारकीलाच लाज वाटली. आगीतून उठून फुफाट्यात पडली बिचारी.

म्हणून घरात प्यायचं पाणी यायचं ते वसुमतीबाईंच्या नळाचं.

वसुमतीबाई म्हणजे डहाणूतल्या प्रल्हाद मास्तरांच्या घरच्या. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, घर गल्लीच्या टोकाला, पुढे ओटा, ओट्याखाली नळ. बारकी डोक्यावर डबा आणि काखेत मोकळा कॅन घेऊन यायची. कालवांचा डबा स्वयंपाकघरात जायचा, कॅन नळाखाली लागायचा, आणि तो भरेपर्यंत दोघी बोलत बसायच्या. सून, गुडघे, मास्तरांचा बद्धकोष्ठ, शुक्र्याचा दमा, काही वर्ज्य नव्हतं. कालवं देताना बारकी भाव करू द्यायची नाही. बाजारात कोणी घासाघीस केली तर ती डब्यावर झाकण ठेवून म्हणायची, "तुजे नवऱ्याला धाड खडकावर, त्याला फुकट मिळतील." पण वसुमतीबाईंच्या भांड्यात मापावर मूठभर जास्तच पडे. पाण्याला कोणी मोल घेत नाही, हे तिला कळत होतं, आणि बाईंनाही ती मूठ दिसत होती. अशी वीसेक वर्षं गेली होती.

बाईंची लेक नीलम तर बारकीच्या डोळ्यांदेखत वाढलेली. लहानपणी ती डब्यात बोट घालून कच्चं कालव तोंडात टाकायची आणि आईचा धपाटा खायची. तिचं लग्न होऊन ती विरारला गेली तेव्हा सासरच्यांच्या मागे उभी राहून बारकी सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडली होती. मास्तर नंतर म्हणाले, "बारके, अगं मुलीची आई कोण आहे तेच पाहुण्यांना कळेना."

खाडी कधी बिघडली ते कोणाला नेमकं सांगता यायचं नाही. एखादा माणूस खंगत जातो आणि रोज बघणाऱ्याला कळत नाही, तसं झालं. आधी पाण्यावर तेलाचा तवंग दिसायला लागला. पोरं त्याला रंगीत पाणी म्हणून टाळ्या वाजवायची. मग एका सकाळी बोय मासे पोट वर करून तिवरांत अडकलेले दिसले. चिंबोऱ्या हातात घेतल्या तरी नांगी उचलेनाशा झाल्या. आणि मग कालवं. शिंप फोडली की आतला गर हिरवट निघायचा आणि नाकाशी नेला की रॉकेलसारखा वास यायचा. कोणी म्हणे वरच्या ओढ्यातून कारखान्यांचं येतं, कोणी म्हणे गावातली गटारं, कोणी म्हणे बोटींचं तेल. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता.

पाड्याने अर्ज केले, मोर्चात जाऊन उन्हात बसून झालं. शेवटी एकदा पाणी तपासायला बाटल्या घेऊन एक साहेब आले. भला माणूस होता, चिखलात बूट भरले तरी चिडला नाही. पण आला तो ऐन भरतीला, खाडी टम्म भरलेली असताना. शुक्रा धापा टाकत म्हणाला, "सायेब, ओहोटी लागू द्या. तवा घ्या पाणी, मग कळल."

"ओहोटी कधी लागेल?"

"दुपारच्याला."

साहेबांना आणखी गावं करायची होती. त्यांनी बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि उन्हाने जीव कासावीस झाला म्हणून प्यायला पाणी मागितलं. सगळा पाडा एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागला. विहिरीचं द्यायची कोणाची छाती होईना. बारकी घरात गेली आणि वसुमतीबाईंच्या कॅनमधलं पाणी तांब्यात घालून घेऊन आली. साहेबांनी तांब्या रिकामा केला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "पाणी तर छान आहे की तुमच्याकडे!" साहेब गेले आणि त्यांच्या बाटल्यांचं पुढे काय झालं ते पाड्याला आजतागायत समजलेलं नाही.

२०१६ च्या थंडीत बारकीने कानाला खडा लावला. बाजारात दोन-चार बायका तरीही कालवं विकत होत्या, लिंबू पिळलं की वास जातो म्हणत होत्या, पण बारकीला ते जमेना. ती चिकूच्या वाडीत रोजावर जायला लागली, एरवी बाजारात चिंच, अळू विकायला बसायची. वसुमतीबाईंकडे पाण्याला जायची तेव्हा कधी शेवग्याच्या शेंगा न्यायची, कधी चिंच. शेंगा बाईंच्या परसातही होत्या. बाई तरी ठेवून घ्यायच्या आणि बारकीला नळाखाली कॅन लावताना उगाच चोरट्यासारखं व्हायचं.

२०१७ साल सरता सरता नीलम सातव्या महिन्याची होऊन माहेरी आली. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी दिवस राहिलेले, दोनदा राहून गेलेले, त्यामुळे घरात तिला तळहातावर ठेवलं होतं. बारकी ओट्यावर आली तशी ती आतून पोट सावरत बाहेर आली आणि डब्याऐवजी शेंगांची जुडी बघून तिचं तोंड पडलं.

"मावशी, कालवं कुठायत?"

"नको ती आता, बाय. खाडी नासली."

"सगळी? तुझा एखादा खडक तरी असेल ना चांगला? मला बाकी काही जात नाही गं. भाताचा वास आला तरी उलटी होते. रात्रंदिवस तुझी कालवं आठवतात."

"नाय, नाय. पोटुशी बाई तू."

वसुमतीबाई मध्ये पडल्या. "एकदाच आण गं. पोटुशीने तोंड उघडून मागितलं तर नाही म्हणू नये. मूल लाळ गाळतं मग जन्मभर."

हे बारकीलाही माहीत होतं. तिच्या पाड्यात गरोदर बाई नुसती एखाद्या झाडाकडे बघत उभी राहिली तरी लोक फळ तोडून हातावर ठेवतात. डोहाळे म्हणजे पोटातल्या जिवाचं मागणं. त्याला नाही कोण म्हणणार? आणि खरं सांगायचं तर बारकीच्या मनातही एक हाव होती. वर्षभर ती या घराचं पाणी फुकट नेत होती. द्यायला आपल्याकडेही काहीतरी आहे, हे तिला एकदा परत वाटून घ्यायचं होतं.

अवसेच्या मोठ्या ओहोटीला ती जवळचे सगळे खडक टाकून थेट खाडीच्या तोंडाशी गेली, जिथे उघडा समुद्र लागतो. तिथपर्यंतचा चिखल कमरेइतका. पूर्वी सासू तिथे जायची, ती गेल्यापासून कोणी फिरकलं नव्हतं. बारकीने एकेक शिंप फोडली, एकेक गर नाकाशी नेला, जरा शंका आली की पाण्यात फेकला. डबा काही भरला नाही, पण तळाशी जमली ती कालवं पूर्वीसारखी होती, दुधी, घट्ट, काठाला काळी. एक तिने कच्चंच खाल्लं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग समुद्र परत फिरला, पाणी घोट्याला लागलं, आणि सासूने शिकवल्याप्रमाणे तिने त्या नव्या पाण्यात डबा खळबळून घेतला. पाणी निवळ दिसत होतं.

त्यातली मूठभर तिने घरी नात शितलसाठी ठेवली. शितल तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली. बाकीची डोहाळजेवणाला नेली.

काय थाट होता त्या दिवशी! नीलमला हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी भरायला सगळी गल्ली लोटलेली. वसुमतीबाईंनी कालवं आपल्या हाताने केली, एका वाफेवर उतरवली, कारण जास्त शिजली की ती रबरासारखी होतात. नीलमने ताट चाटूनपुसून खाल्लं. वर दोन पेले पाणी प्यायली. एक बाई म्हणाली, पाणी उकळलंय ना, दिवस नाजूक आहेत. त्यावर वसुमतीबाई हसल्या. "आमच्या पाण्याला काय धाड भरलीय? विरारला टँकरचं पिऊन पिऊन पोरगी वाळली. इथे आली आणि बघा कशी तुकतुकीत झाली." मागे भिंतीला टेकून बसलेल्या बारकीच्या ओटीतही त्यांनी खण घातला. बारकी घरी गेली ती भरलेला कॅन डोक्यावर असूनही हलकी हलकी चालत.

संक्रांत झाली आणि काही दिवसांनी नीलमला उलट्या सुरू झाल्या. आधी सगळे म्हणाले, असतं असं. मग तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. दवाखान्यात नेलं तोवर कावीळ चांगलीच भिनली होती. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं होतं का, उघड्यावरचं, शिंपले, कालवं असं काही? त्या प्रश्नानंतर कोणाला दुसरं काही सुचलंच नाही. आठव्यातच कळा आल्या. मुलगा झाला. तो रडला नाही. नीलमला वाचवायला पुढे फार दिवस लागले.

बारकीला हे बाजारात कळलं. ती होती तशी धुळीच्या पायांनी गल्लीत गेली. मास्तर फाटकात उभे होते. एरवी तिला बघून काहीतरी चेष्टा करणारा माणूस, त्या दिवशी तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता. "येऊ नकोस आता, बारकी," ते म्हणाले. "पोरीच्या नजरेला पडू नकोस."

त्यांच्या मागे वसुमतीबाई आल्या. त्या ओरडल्या असत्या, शिव्या घातल्या असत्या, तर बारकीने खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तूच नको म्हणत होतीस ना गं? तुला ठाऊक होतं. मग आणलीस कशाला?"

तुम्ही मागितली म्हणून, असं त्या बाईला त्या दिवशी कोणत्या तोंडाने सांगायचं?

घरी आली तर शितल अंथरुणाला. पोरीचे डोळे हळदीसारखे. कोणी काविळीचं औषध देणारा सांगितला, त्याच्याकडे नेलं, उसाचा रस पाजला, मग सरकारी दवाखान्यातही नेलं. पोर लहान, काटक. महिन्याभरात उठून खेळायला लागली. पण संगिता तेवढ्या दिवसांत सासूशी शब्दही बोलली नाही. शेवटी एकदा चुलीपाशी म्हणाली, "तुमच्या कालवांनी झालं. तिकडं त्यांचं गेलं, इथं माझं जायचं होतं." बारकीने कोयती वळचणीला खोचून ठेवली ती ठेवलीच.

डहाणू काही मोठं नाही. बातमी बाजारात पोचली आणि बारकीला नाव पडलं, कालववाली. तिच्या टोपलीत अळू असो की चिंच, बायका लांबून बघायच्या आणि पुढच्या टोपलीकडे वळायच्या. एकीने तर पोराचा हात धरून ओढला. बारकीची ती जुनी फाडकन उत्तर द्यायची जीभ कुठे गेली कोण जाणे. गोडं पाणी तर बंदच झालं. टँकर आला तर टँकरचं, नाही तर विहिरीचं मचूळ. शुक्रा एकदा म्हणाला, "तू काय मुद्दाम केलंस? कशाला जिवाला लावून घेतेस?"

"मुद्दाम केलं असतं तर मना ठाऊक तरी असतं, काय केलं ते," बारकी म्हणाली.

कारण तिला खरोखरच कळत नव्हतं. कालवं चांगली होती, तिने स्वतः कच्चं खाल्लं होतं, तिला काही झालं नव्हतं. पण ते तिने धुवायच्या आधी खाल्लेलं. म्हणजे धुतली तिथेच घात झाला का? ओहोटी जी घाण घेऊन जाते तीच भरती परत आणत असेल, हे आपल्या डोक्यात का आलं नाही? सासूच्या वेळी भरतीचं पाणी ताजं असेल. आता ते कुठून ताजं येणार? एकदा कायदा मोडला असता, वसुमतीबाईंच्या नळाखाली धरून चांगली धुतली असती, चव गेली असती तर गेली असती. चिकू तोडताना, भात वाढताना, शितलची वेणी घालताना हेच तिच्या डोक्यात फिरत राही. ती रोडावली, आणि पाड्यातल्या बायका म्हणायला लागल्या की हिला बाहेरचं काही लागलंय.

वैशाखात शेजारचा लाहू सहज तिच्या अंगणात टेकला. तो रस्त्याच्या, गटारांच्या खोदकामावर जायचा. बोलता बोलता म्हणाला, "मास्तरांच्या गल्लीत खोदला आम्ही आता. नळाची लाइन गटाराच्या खालून गेलेली. सडून भोकं पडलेली, काकी, बोट जाल एवढी. पाणी बंद झाला का गटार आत ओढून घेते ती. त्या गल्लीत सहा-सात घरांना कावीळ झालेली."

"कवा?" बारकीने विचारलं.

"थंडीत. संक्रांतीच्या आगंमागं."

लाहू आणखी काही सांगत होता, लाइन नवी टाकली, खड्डा बुजवला, वगैरे. तिला ते ऐकू येत नव्हतं. तिच्या छातीतून असं काही वर आलं की हसू फुटेल की काय असं तिला वाटलं, आणि लगेच त्या हसण्याची तिला किळस आली. एक बाळ गेलेलं आणि आपल्याला हायसं वाटतंय! मग दुसरा विचार आला. तेच पाणी ती डोक्यावर घेऊन घरी येत होती. कोणी प्यायचं नाही, हे शितलचं, असं म्हणून तिच्यासाठी वेगळं झाकून ठेवत होती.

"मग पाण्यानंच झाला ना रं? कालवांनी नाय?"

लाहूने खांदे उडवले. "आता कोण सांगल, काकी? त्या पोरीनं कालवं पण खाल्ली, पाणी पण पेली. तुज्या शितलनं पण तसंच. ती लाइन पण आम्ही भंगारात दिली."

तेवढं तिला पुरे होतं. खातरी नको, शंका पुरे. जगाने कालववाली म्हणावं, बाजाराने तोंड फिरवावं, त्याचं तिला आता फार वाटत नव्हतं. फक्त वसुमतीबाईंनी एकदा म्हणावं की बारके, तुझ्यामुळे नसेलही झालं. एवढं एक वाक्य. त्यासाठी ती दुसऱ्या दिवशी धुवट लुगडं नेसून, रिकाम्या हाताने गल्लीत गेली.

फाटकाबाहेर नवा बुजवलेला चर अजून उठून दिसत होता. नीलम विरारला परत गेली होती. मास्तर पेन्शनीच्या कामाला बाहेर पडले होते. हाक मारायचा तिला धीर होईना, पण वसुमतीबाईंनी तिला खिडकीतून बघितलं आणि त्या आपणहून बाहेर आल्या. त्यांना बघून बारकी चरकली. तीन-चार महिन्यांत बाई म्हाताऱ्या झाल्या होत्या. केस विंचरलेले नव्हते, आणि चालताना त्या भिंतीचा आधार घेत होत्या.

"बाई," बारकी म्हणाली, "गल्लीत कावीळ होती म्हणतात. थंडीत."

वसुमतीबाईंनी फाटकाचा गज धरला. "कोण म्हणालं?"

"आमचा लाहू. लाइन खोदायला होता तो."

बाईंनी मागे वळून घराकडे बघितलं. मग एकदम बोलायला लागल्या, इतक्या भरभर की बारकीला पुढे होऊन ऐकावं लागलं. "मला पण सांगितलं शेजारच्यांनी. मी ह्यांना बोलले नाही. नीलमला तर नाहीच. डॉक्टरीण म्हणाली होती गं, पाणी उकळून द्या. लिहूनसुद्धा दिलं होतं. मीच म्हटलं, आमच्या पाण्याला काय झालंय. पोरीला उठायला लागू नये म्हणून मी पेला भरून उशाशी ठेवायची. रात्री उठून बघायची, प्यायली की नाही. नाही प्यायली तर उठवून पाजायची. माझ्या हाताने, बारके." गजावरची बोटं पांढरी पडली होती. त्यांनी बारकीकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांत त्या घरच्या बाईने तिच्याकडे असं काही मागणाऱ्या नजरेने कधी बघितलं नव्हतं. "पाण्याने नसेल ना गं झालं?"

बारकीच्या ओठांवर शितलचं नाव आलं होतं. तिची नात, तिचे पिवळे डोळे, तेच पाणी. एवढं सांगितलं असतं तर निम्मा भार तिच्या डोक्यावरून उतरून पलीकडच्या डोक्यावर गेला असता. तिने त्या बाईच्या केसांकडे बघितलं, गजाला धरलेल्या हाताकडे बघितलं. तिला रडू येत होतं, आणि ते कोणासाठी येतंय हे तिला समजत नव्हतं.

"नाय बाई," ती म्हणाली. "पाण्यानं कसं होल? मी पण तेच नेत होती ना? आमच्या घरात पोर पीत होती. काय झालं कोणाला? काय नाय झालं."

"खरं?"

"तुमची शप्पत. कालवांनीच झालं, बाई. नासलेली होती ती. मना वास आला होता, तरी मी आणली."

वसुमतीबाईंनी पदराने डोळे पुसले. किती दिवसांनी कोण जाणे, त्यांनी एक मोठा श्वास घेतला.

"हो," त्या म्हणाल्या. "तेच म्हणते मी. कालवांनीच." आणि त्या भिंतीचा आधार घेत घरात निघून गेल्या.